वापसा नसतो तेव्हा मातीत श्वास कोण घेतं?

आज जरा चिखलात उतरू या.

मी पिंगळीचा, परभणी जिल्ह्यातला. आमची काळी माती एकदा भिजली की लवकर सुकत नाही. एका पावसाळ्यात कापसात पाणी उभं होतं, पानं पिवळी पडत होती. मी युरियाची गोणी उचलली, तर आबांनी बांधावरच अडवलं. "वापसा येऊ दे, मग टाक." मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची सवय!

आता कळतंय. आपण खातो त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते शेवटी कुणाला तरी द्यावे लागतात. आपण ऑक्सिजनला देतो, म्हणून तर श्वास घ्यायचा. पाणी साचलं की मातीतली हवा संपते. मग काही जीवाणू इलेक्ट्रॉन नायट्रेटला देतात, आणि खतातलं नत्र वायू होऊन उडून जातं. म्हणजे आपले पैसे हवेत!

नायट्रेट संपलं की पाळी येते मँगनीजची, मग लोहाची. पण मातीतलं लोह म्हणजे घट्ट गंज. तो पेशीच्या आत कसा घेणार? जिओबॅक्टर नावाचा जीवाणू इलेक्ट्रॉनच बाहेर पाठवतो. १९८७ मध्ये अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळात तो पहिल्यांदा वेगळा करता आला. त्याच्या अंगातून प्रथिनांची तार निघते, केसापेक्षा हजारो पट बारीक. २०१९ मध्ये येल विद्यापीठातले निखिल मालवणकर आणि सहकाऱ्यांनी तिची रचना दाखवली. आडनाव ऐकून कान टवकारले ना? ओएमसीएस नावाचं प्रथिन एकापुढे एक जोडलेलं, प्रत्येकात सहा हीम. हीम म्हणजे आपल्या रक्तातलं लोह धरणारं तेच कडं! इलेक्ट्रॉन एका हीमवरून दुसऱ्यावर उड्या मारत गंजापर्यंत जातो. गंज इलेक्ट्रॉन घेतो आणि पाण्यात विरघळतो.

हेच लोह वर येऊन हवेला लागलं की पुन्हा गंजतं. साचलेल्या पाण्यावर तेलासारखा चमकणारा तवंग दिसला, तर त्यात काडी फिरवा. तुकडे होऊन तसेच राहिले तर बहुतेक लोह. परत जुळून आला तर तेल. व्हिडिओ काढून ठेवा.

आणि हो, तवंग लोहाचा निघाला तर समजा, खाली हवा नाही. युरियाची गोणी घरीच राहू द्या. आबांचं ऐका, वापसा येऊ द्या.