बांबूचे बेट कोणी राखायचे?



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही आज बांबूवर आणि रानातल्या औषधी वनस्पतींवर बोलणार आहोत. विषय वनस्पतिशास्त्राचा, आणि आमचे शिक्षण तर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झालेले. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. पुस्तके चाळता चाळता आमच्या ध्यानात असे आले की, रान टिकते की उजाड होते हा प्रश्न शेवटी मजुरीच्या हिशेबापाशी येऊन ठेपतो. आणि तो हिशेब आम्हाला थोडाफार कळतो.

प्रथम बांबू वाढतो कसा ते पाहू. बांबू गवताच्या कुळातला. पावसाळ्यात जमिनीतून कोंब वर येतो, तो ज्या जाडीचा असेल त्याच जाडीचा बांबू होतो. पुढे तो जाड होत नाही. दोन-चार महिन्यांत तो पुरी उंची गाठतो. मात्र काठी आतून कठीण व्हावयास तीन-चार वर्षे लागतात. जमिनीखालचा कंद दरसाल बाहेरच्या अंगाला नवे कोंब देतो, त्यामुळे बेटात जुन्या काठ्या मध्यभागी राहतात आणि कोवळ्या कडेला येतात. पक्व तेवढ्या काढाव्यात, कोवळ्या राखाव्यात, पावसाळ्यात बेटाला हात लावू नये, इतके पथ्य पाळले की तेच बेट वर्षानुवर्षे देत राहते. बेट हे मुद्दल, पक्व काठ्या हे त्याचे व्याज. प्रॉव्हिडंट फंडाची पावती जपून ठेवणाऱ्याला याहून अधिक समजावून सांगावयास नको.

मग हे मुद्दल खाल्ले कोणी? लोक सहज सांगतात की, अडाणी मजुराने खाल्ले. जरा बेटापाशी उभे राहून पाहा. पक्व काठी आत आहे. तिथे शिरावयाचे म्हणजे गुंतलेल्या फांद्या साफ करावयाच्या, काटे अंगावर घ्यावयाचे, कापलेली काठी ओढून बाहेर काढावयाची. कोवळी काठी मात्र हाताशी आहे; एका घावात खाली येते. कागद कारखान्यासाठी तोड होते तेव्हा काठीचे दोन-दोन मीटरचे तुकडे करून बंडल बांधतात, आणि पैसे बंडलावर मिळतात. आत शिरण्याचे वेगळे पैसे नाहीत, कोवळी काठी राखल्याचेही नाहीत. पुढच्या वर्षी याच बेटावर आपल्याला काम मिळेल याची खात्री नाही. अशा वेळी ज्याच्या घरी चार तोंडे खाणारी आहेत तो माणूस कडेची काठी तोडील, की मधली? नियम वनखात्याच्या पुस्तकात छापलेला असतो. परंतु कुऱ्हाड चालते ती मजुरीच्या दराप्रमाणे.

कर्नाटकात घडलेली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. तेथील उत्तर कन्नड जिल्ह्यात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात बांबूची पाहणी केली. त्या रानातल्या काटेरी बांबूच्या बुडाशी काट्यांचे दाट जाळे असते. कागद कारखान्यासाठी तोड सुरू झाली तेव्हा काम सोपे व्हावे म्हणून हे जाळे साफ करून टाकण्यात येई. गावचे लोक बांबू तोडीत तेव्हा काट्यांना हात लावीत नसत. उंचावरूनच काठी कापीत. का, तर काटे गेले की गुरे आणि रानातली जनावरे नवा कोंब खाऊन टाकतात. तसेच झाले, आणि बेटे खुंटू लागली. ज्याला त्या बांबूचे सूप विणावयाचे होते त्याला काट्याची किंमत ठाऊक होती.

औषधी वनस्पतींचा हिशेबही याच वाटेने जातो. आवळ्याचे फळ वेचले तर झाड राहते. फांदीच तोडून आणली तर पुढल्या साली फळ कोठून येणार? चारोळी पिकण्याआधीच ओरबाडली जाते, कारण आपण थांबलो तर दुसरा नेईल ही धास्ती. जेथे मूळच औषधाचे असते, तेथे प्रसंग अधिक कठीण. सर्पगंधा आपल्याकडील जुनी वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिच्या उपयोगाबद्दलचा लेख ब्रिटनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. जगभर मागणी वाढली, आणि मूळ खणले म्हणजे झुडूपच गेले. पुढे १९९० साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले.

आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याचे तेच झाले. कर्करोगावरील औषधांना लागणारे कॅम्पटोथेसिन हे द्रव्य १९६६ साली अमेरिकेत एका चिनी वृक्षातून प्रथम मिळाले. १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांना ते नरक्यात सापडले. मग आंबोलीपासून कोल्हापूर-साताऱ्याच्या घाटापर्यंत चोरटी तोड होऊन ढलप्यांची पोती भरू लागली. तोडणाऱ्याला किलोमागे जे मिळे आणि औषधाच्या बाटलीला जी किंमत पडे, यांतले अंतर कोणाच्या पदरात पडले ते आम्ही सांगावयास नको.

दुसरीकडे कुडाळच्या बाजूला जा. तेथे शेतकरी बांधावर माणगा लावतो. माणगा हा भरीव आणि बिनकाट्याचा बांबू. तो शेतकरी पक्की काठी काढतो, कोवळी ठेवतो; कारण पुढच्या वर्षीचे बेट त्याचेच आहे. गंमत अशी की, १९२७च्या वन कायद्याने बांबूची गणना झाडांत केली होती. त्यामुळे अनेक ठिकाणी आपल्या बांधावरचा बांबू न्यावयासही परवाना लागे. वनाबाहेरच्या बांबूपुरती ही अडचण दूर व्हावयास २०१७ साल उजाडले.

आणि रानातल्या बांबूचे काय? २००६च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरविला, म्हणजे त्यावर गावाचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गोंडांच्या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना हाती नाही, तोवर हक्क कागदावरच. तो परवाना पुस्तिकेच्या रूपाने ग्रामसभेला मिळाला २७ एप्रिल २०११ रोजी, तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते. त्या दिवसापासून कोणती बेटे तोडावयाची, मजुरी काय द्यावयाची आणि विक्री कोणाला करावयाची, हे एकाच सभेत ठरू लागले. तोडणारा आणि राखणारा एक झाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर हक्क मिळाल्यावर तेंदूपानांची तोडच थांबविली. त्या तोडीपायी फांद्या छाटल्या जातात, रानाला आगी लागतात, म्हणून. हातचा पैसा सोडण्याचा हा ठराव बाहेरच्या अधिकाऱ्याने लादला असता, तर टिकला असता काय?

हक्क मिळाला की सारे आपोआप साधते, असे मात्र कोणी समजू नये. बांबूला कित्येक वर्षांनी एकाच वेळी फुलोरा येतो आणि फुललेले बेट मरते. मिझोरामात हे चक्र सुमारे ४८ वर्षांचे आहे. १९५९च्या सुमारास तेथे बांबू फुलला, बियांवर उंदीर माजले, त्यांनी शेते फस्त केली आणि दुष्काळ पडला. सरकारने वेळीच दखल घेतली नाही. त्या असंतोषातून १९६६ साली बंड उठले आणि शांतता करार व्हावयास १९८६ साल लागले. २००७च्या सुमारास बांबू पुन्हा फुलला तेव्हा आगाऊ तयारी करता आली, कारण तारीख निसर्गानेच दिली होती. फुलोऱ्यानंतर नवी रोपे वर येईपर्यंत रानाला आग आणि गुरे यांपासून जपावे लागते. ती वर्षे कापणाऱ्याची चूल कशी पेटावयाची? विक्रीतला काही हिस्सा गावाने आजच बाजूला ठेवला पाहिजे. संपासाठी निधी राखणाऱ्या आम्हा लोकांना या निधीची गरज चटकन पटते.

शहरातल्या मंडळींनी यात काय करावे, असे आपण विचाराल. परवा आपल्या घरी लग्न असेल. परड्या आणि सुपे लागतील. बुरूडआळीत जाऊन घासाघीस करण्याआधी, त्याला बांबू कोठून आणि काय दराने मिळतो, एवढे विचारा. वैद्यांना आणि औषध दुकानदारांना विचारा की, हे मूळ लागवडीचे की रानातले. आणि ग्रामसभेच्या हक्कावर मोर्चा निघाला, तर तो दूरच्या आदिवासींचा प्रश्न म्हणून खिडकी लावून घेऊ नका. मजुरी स्वस्त पडली की रान स्वस्तात जाते, आणि त्याची किंमत पुढे आपल्याच मुलांना मोजावी लागते.