नवं नेटवर्क आलं म्हणतात, पण शिवारात कधी?



आजचा विषय खताचा नाही, बियाण्याचा नाही, रोगकिडीचाही नाही. विषय आहे मोबाईलच्या रेंजचा. तुम्ही म्हणाल, शेतीच्या कार्यक्रमात हे कशाला? अहो, ई-पीक पाहणीचा फोटो बांधावर उभं राहून काढावा लागतो, बँकेचा ओटीपी फोनवर येतो, आणि रात्रीच्या लायटीला विहिरीवरची मोटर घरबसल्या चालू करायची तर तिथंही सिमकार्ड लागतं. रेंज ही आता शेतीच्या खर्चात धरायची बाब झाली आहे. म्हणून नव्या नेटवर्कची बातमी कानावर आली, की खिशात हात घालण्याआधी काय पाहावं, ते आज सांगतो.

नवा वाण कसा येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. विद्यापीठ वाण प्रसारित करतं, पेपरात नाव येतं. पण पैदासकार बियाणं, मग पायाभूत, मग प्रमाणित असं होत होत ती पिशवी आपल्या तालुक्याच्या दुकानात यायला काही हंगाम जातात. बातमी वाचून कोणी त्याच दिवशी रान नांगरून ठेवत नाही. मोबाईलच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

५-जीचंच बघा. २०२० पर्यंत देशात ५-जी आणायचं, असं उद्दिष्ट सरकारनं २०१७ मध्ये ठेवलं होतं. २०२० च्या फेब्रुवारीत ५-जीचे फोन दुकानात येऊनही बसले. पण स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्यांचा, लिलाव व्हायला २०२२ चा जुलै उजाडला. उद्घाटन झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, दिल्लीत. त्या दिवशी एअरटेलनं सुरुवात केली ती आठ शहरांत. त्यात आपली मुंबई आणि नागपूर होती. चार दिवसांनी जिओनं चार शहरांत चाचणी सुरू केली. गावाचं नाव कुठंच नव्हतं. शिवाय काही कंपन्यांच्या फोनला ५-जी चालण्यासाठी लागणारी सॉफ्टवेअरची सुधारणा डिसेंबरपर्यंत आलीच नव्हती. म्हणजे ज्यानं २०२० मध्ये जास्तीचे पैसे मोजून ५-जीचा फोन घेतला, त्यानं अडीच वर्षं त्यावर ४-जीच वापरलं. बाजारात तुरी म्हणतात, ती ही.

आता बीएसएनएलची गोष्ट. डोंगराळ आणि आडवळणाच्या पुष्कळ गावांना याच कंपनीच्या टॉवरचा आधार आहे, म्हणून ती आपल्या जास्त जिव्हाळ्याची. खाजगी कंपनीचं ४-जी कोलकात्यात सुरू झालं एप्रिल २०१२ मध्ये. बीएसएनएलला ४-जीचा स्पेक्ट्रम द्यायचं सरकारनं ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्य केलं. २०२० मध्ये निविदा निघाली आणि त्याच वर्षी रद्दही झाली. यंत्रसामग्री देशातच बनवायची असं ठरलं. टीसीएस, तेजस नेटवर्क्स आणि सरकारची सी-डॉट संस्था यांनी ते काम केलं. त्यात वर्षं गेली, तारखा पुढं पुढं सरकल्या. अखेर २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्यात त्या देशी ४-जीचं देशपातळीवर उद्घाटन झालं. कोलकात्याला तेव्हा तेरा वर्षं उलटून गेली होती. स्वतःची यंत्रं बनवणं चांगलंच. माझ्या मते ते करायलाच हवं होतं. पण तारीख सांगणाऱ्यानं आधी ती कामं मोजायला नकोत का?

उशीर का होतो, हेही समजून घ्या. टॉवर नुसता उभा करून भागत नाही. त्याला वीज लागते, वीज गेल्यावर बॅटरी लागते, आणि पुढं माहिती वाहून न्यायला ऑप्टिकल फायबर किंवा मायक्रोवेव्हची जोडणी लागते. कॅनॉलला पाणी नसेल तर चारी खोदून काय उपयोग? दुसरं म्हणजे लहरींचा गुण. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही आत शिरतात. ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर वेग मोठा मिळतो, पण पल्ला कमी. म्हणून टॉवर जवळ जवळ लागतात. दाट वस्तीत ते परवडतं. विरळ वस्तीच्या शिवारात कंपनी हिशोब करते आणि थांबते.

तेव्हा असं करा. कोणी एजंट सिम घेऊन दारात आला, तर त्याला घरात बसवू नका, आपल्या रानात न्या. विहिरीजवळ आणि गोठ्यात फोन लावून बघा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी सगळे फोनवर असतात तेव्हा एकदा. कंपन्यांनी आता आपापल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे दिले आहेत, ते मुलांकडून पाहून घ्या. पण नकाशा रंगीत दिसला म्हणून रानात रेंज असेलच असं नाही. शेजारच्या रानातला गडी काय सांगतो, त्याला मी जास्त मान देईन. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यासाठी १९०० वर पोर्ट लिहून संदेश पाठवायचा असतो. मात्र एकदा गेलात की ९० दिवस परत फिरता येत नाही. ऐन सुगीत हा खेळ नको. आधी दुसरं स्वस्त सिम घेऊन महिनाभर बघा. नवा फोन घेणार असाल, तर तुमच्या भागातली कंपनी कोणत्या पट्ट्यावर चालते आणि तो पट्टा फोनमध्ये आहे का, हे दुकानदाराकडून पावती करण्याआधी विचारून घ्या.

राहता राहिला मोबाईल स्टार्टर. बरेचसे जुने स्टार्टर २-जीवर चालतात. जिओचं २-जी नाहीच, त्यामुळे ते सिम अशा स्टार्टरमध्ये चालत नाही. नव्या नेटवर्कच्या नादात घरातली सगळी सिमं बदलणार असाल, तर आधी स्टार्टरच्या पेटीतलं सिम कोणत्या कंपनीचं आहे ते बघा, त्याचा रिचार्ज चालू ठेवा. आणि नवा स्टार्टर घेताना तो ४-जीवर चालणारा आहे का हे विचारून, तसं बिलावर लिहून घ्या.