आपल्या मराठीतून इंग्रजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की नांदेडहून कुणी पाहुण्या बाई याव्यात आणि त्यांनी स्त्रीजीवनाच्या आदर्शाविषयी बोलावे, अशी आपली रीत आहे. यंदा कार्यकारिणीने ती मोडली आणि दर मंगळवारी दुपारी मंडळात चालणाऱ्या इंग्रजीच्या वर्गाविषयी मी बोलावे असे ठरवले. आदर्शाविषयी मला फारसे सांगता येणार नाही. क्रियापदाविषयी मात्र चार गोष्टी सांगू शकेन.

वर्ग सुरू झाला तेव्हा गल्लीत बोलणी झालीच. "आता या वयात काय मडम व्हायचंय का?" हा प्रश्न येथे बसलेल्या निम्म्या जणींनी तरी ऐकला असेल. त्याचे उत्तर आपल्यातल्याच एका भगिनीने दिले, तेच मी सांगते. तिची मुलगी तिसरीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. शाळेच्या डायरीत बाई काही लिहून देतात, आणि ते वाचून दाखवते कोण, तर ती मुलगीच. "आई, उद्या सुट्टी आहे" एवढे ती वाचते. त्याखालची "गृहपाठ तीन दिवस केलेला नाही" ही ओळ महिनाभर घरात कुणाला कळली नव्हती! ही हकीकत वर्गात सांगितली तेव्हा सगळ्या हसल्या, सांगणारी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "पोरगी खोटं बोलली त्याचं मला एवढं नाही. आईला फसवता येतं हे तिला तिसरीतच कळलं, त्याचं वाईट वाटतं." आमच्या वर्गाचे कारण हे असे आहे. मडम कुणालाच व्हायचे नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आली. त्याआधीच्या आपण बहुतेक जणी पाचवीत पहिल्यांदा ए बी सी गिरवलेल्या, आणि पुष्कळजणींची शाळा त्यानंतर लवकरच सुटलेली. त्यामुळे नवीन येणारी प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकच वाक्य बोलते: "बाई, मला इंग्रजीतलं काहीच येत नाही." मी म्हणते, बरे, मग स्टेशनावर जाऊन या आणि काय काय पाहिले ते सांगा. आपले गाव जंक्शन आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी लाइन येथून जाते आणि आदिलाबादची लाइन येथूनच फुटते. तेव्हा तिकीट, प्लॅटफॉर्म, सिग्नल, गार्ड, लेट हे शब्द आपल्याला कुणी शिकवावे लागले नाहीत. घरी आले की गॅस, कुकर, मिक्सर, कप. शिवणाची पेटी उघडली की हुक, बटण, ब्लाऊज. दवाखान्यात गेले तर डॉक्टर, नर्स, इंजेक्शन. एका दुपारी आम्ही नुसते असे शब्द फळ्यावर लिहीत बसलो, तर फळा भरला आणि वेळ संपली. काहीच येत नाही म्हणणारीनेच त्यातले अर्धे सांगितले होते.

परभाषा ही आपल्या मुलखाला नवलाची गोष्ट कधी नव्हतीच. १९४८ पर्यंत येथे निजामाचे राज्य होते. शाळेत उर्दू, घरात मराठी आणि धर्माबादच्या पुढे गेले की तेलुगू, असा आपल्या आजोबांचा व्यवहार होता. हैदराबादेस १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आपल्या आज्याही अर्ज, वकील, हजर हे शब्द सहज बोलत. हे शब्द अरबी आहेत आणि पगार, चावी, बटाटा हे पोर्तुगीज, याचा त्यांना पत्ताही नव्हता आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही. इंग्रजीनेही असेच आपल्याकडून घेतले आहे. जंगल आणि लूट हे शब्द इंग्रजीत आहेत हे काहींना ठाऊक असेल. पण साप मारणाऱ्या मुंगसाला इंग्रज 'मंगूस' म्हणतो, तो शब्द त्याने मराठीतूनच नेला आहे.

मात्र शब्द आपल्या घरात आला की तो थोडा बदलतो, एवढी सावधगिरी असावी. आपण 'लाइट गेली' म्हणतो ती वीज. इंग्रजीत लाइट म्हणजे उजेड किंवा दिवा. आपल्या हॉटेलात चहा-भजी मिळतात, इंग्रजाच्या हॉटेलात मुक्काम करायचा असतो. 'सासूबाईंना शुगर आहे' हे आपल्याला बरोबर कळते, पण विलायतेत तेच म्हटले तर समोरचा साखरेचा डबा शोधील.

आणि इंग्रजी फार श्रीमंत भाषा आहे असेही दडपण घेऊ नका. काका, मामा, मावसा सगळ्यांना मिळून तिच्याजवळ एकच 'अंकल'. आपल्या भागात एवढी फुले होतात; जाई वेगळी, जुई वेगळी, मोगरा वेगळा हे मूलही डोळे मिटून वासावर सांगेल. इंग्रजीत तिघींना नित्याच्या बोलण्यात एकच नाव, जॅस्मिन. क्रियापदाचेही तेच. करतो, करते, करतोस, करतेस, करता, करतात अशी सहा रूपे आपण दिवसभर न चुकता बोलतो. इंग्रजीत त्या जागी दोनच आहेत, डू आणि डझ. जिने सहा सांभाळली तिने दोघांना भ्यावे हे मला पटत नाही.

मग अडते कुठे? माझ्या अनुभवाने तीनचार गाठीच अशा आहेत की तेथे मराठी आणि इंग्रजी एकमेकींकडे पाठ करून उभ्या असतात. त्या सुटल्या की पुढची वाट बरीच मोकळी होते.

पहिली गाठ जागेची. 'सासूने सुनेला समजावले' हे वाक्य घ्या. तेच 'सुनेला सासूने समजावले' असे म्हटले तरी समजावणारी सासूच राहते. कारण 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय शब्दाला चिकटून आहेत, शब्द कुठेही बसवा. इंग्रजीत येथे ने नाही आणि ला नाही. तेथे जागा हाच प्रत्यय. जी क्रियापदाच्या आधी बसली ती करणारी, जी नंतर बसली तिच्यावर क्रिया झाली. या दोघींच्या जागा बदलल्या की सूनच सासूला समजावू लागते! (हे उदाहरण वर्गात फार लोकप्रिय आहे, कोणत्या बाजूच्या बाकांवर ते सांगत नाही.) म्हणून मराठीतले शेवटी येणारे क्रियापद उचलून मध्ये आणून ठेवायचे. 'मी चहा करते': आय मेक टी. करणारी, क्रिया, वस्तू. हा क्रम महिनाभर घोटला पाहिजे.

याच गाठीचा दुसरा पदर असा, की मराठीत जे शब्दाच्या मागे लागते ते इंग्रजीत पुढे येते. घरात: इन द हाऊस. जेवणानंतर: आफ्टर फूड. जेवणाआधी: बिफोर फूड. आम्ही हा धडा पुस्तकातून शिकलोच नाही, औषधांच्या खोक्यांवरून शिकलो. एकीने लहान मुलाच्या औषधाची बाटली आणली. तिच्यावर होते, 'शेक वेल बिफोर यूज'. शेक म्हणजे हलवा आणि वेल म्हणजे विहीर, हे तिला शाळेतले आठवत होते, तेव्हा ती विचारते, "बाई, विहीर कशी हलवायची?" हसून झाल्यावर आम्ही ते वाक्य नीट लावले: वापरण्यापूर्वी चांगले हलवा. येथे वेल म्हणजे चांगले. पण त्यातली हसण्यासारखी नसलेली गोष्टही सांगते. काही पातळ औषधांत औषध तळाशी बसते. बाटली न हलवता दिले तर पहिल्या चमच्यांत ते कमी जाते आणि शेवटच्या चमच्यांत जास्त. तसेच 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली', म्हणजे फक्त बाहेरून लावण्यासाठी, हे चार शब्द मी प्रत्येकीकडून पाठ करून घेतले आहेत. बाकीचे व्याकरण विसरले तरी चालेल, हे विसरू नये.

दुसरी गाठ 'मला'ची, आणि हिच्यावर आमचे सर्वांत जास्त मंगळवार गेले. मराठीत मला भूक लागते, मला ताप येतो, मला आठवते, मला आवडते, मला पाहिजे असते, मला दोन मुली असतात. भूक, ताप, आठवण या जणू बाहेरून येतात आणि मी त्यांना जागा देते. इंग्रजीला ही रचना चालत नाही. तेथे माणूस पुढे उभा राहतो. आय ॲम हंग्री. आय हॅव फीव्हर. आय रिमेंबर. आय लाइक. आय वॉन्ट. आय हॅव टू डॉटर्स. सहाही ठिकाणी 'मला' गेले आणि 'आय' आले. त्यात आणखी एक फसगत अशी, की इंग्रजीत 'मी' असा उच्चार असलेला शब्द आहे, पण त्याचा अर्थ मराठी 'मला'! आणि आपल्या मराठी 'मी'चा इंग्रजी शब्द 'आय'. त्यामुळे नवशिकी हमखास 'मी गो मार्केट' म्हणते, कारण तोंडात आपला मी बसलेला असतो. यावर एका आजींनी विचारले, "म्हणजे विंग्रजीत मीच पुढं?" मी म्हटले, होय आजी, आणि तो आय वाक्याच्या मधोमध आला तरी कॅपिटलच लिहायचा. त्या क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "आमच्या वेळेला बाईचा मी कुणी बारीकसुद्धा लिहिला नसता."

तिसरी लहान गाठ हिज आणि हरची. 'त्याची बहीण' यात आपण 'ची' पाहतो, बहीण स्त्रीलिंगी म्हणून ती 'ची', आणि भसकन 'हर सिस्टर' म्हणतो. मराठीचा प्रत्यय वस्तूकडे पाहतो, इंग्रजी शब्द मालकाकडे. मालक तो असेल तर बहीण, भाऊ, घर, म्हैस सगळ्यांना हिजच. तसेच निर्जीव वस्तूला तो किंवा ती म्हणायचे नाही. खुर्ची मोडली तरी ती इंग्रजीत 'इट', दार मोडले तरी 'इट'.

आता मानाचे. तू, तुम्ही आणि आपण, तिघांना एकच 'यू' हे ऐकून वर्गातल्या सुनांना संकोच वाटतो. सासऱ्यांनाही यू आणि पोरालाही यू! पण इंग्रजीत मान नाही असे नव्हे, तो दुसरीकडे ठेवलेला आहे. आपण 'पाणी द्या' म्हणतो तेव्हा सगळा आदर त्या 'द्या'मध्ये असतो. त्याचे शब्दशः 'गिव्ह मी वॉटर' केले की आदर गळून जातो आणि उरतो नुसता हुकूम. म्हणून तेथे प्लीज लागते, 'मे आय', 'कुड यू' लागते. मराठी माणूस इंग्रजीत उद्धट वाटतो तो पुष्कळदा एवढ्यामुळेच. बिचाऱ्याने मनातल्या मनात 'द्या'च म्हटलेले असते.

ए, ॲन, द यांचे काय, असे विचाराल. मराठीत ते नाहीत, म्हणून ते कानाने हळूहळू बसतात. सुटले तरी अर्थ पोहोचतो. स्पेलिंगला मात्र उपाय नाही. आपल्या देवनागरीत लिहावे तसे वाचावे, तेथे 'नाइफ'च्या आरंभी मुका के बसवून ठेवला आहे. पाठ करावे आणि पुढे जावे.

हल्ली सांगतात की व्याकरण नको, मूल जशी भाषा उचलते तशी नुसती ऐकून उचला. मुलाला ते ठीक आहे, त्याला दिवसभर दुसरे काम नसते. संसारी बाईला आठवड्यातून एक दुपार मिळते, पण तिच्याजवळ मुलाजवळ नसलेली एक वस्तू असते, पुरी पक्की मराठी. तिच्यावरून इंग्रजी मोजत जाणे हीच तिची जवळची वाट, असे माझे मत आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्याही मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य मांडूनच. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना आधी मराठी शिकवली, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. १९१० साली निघालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात रमाबाईंनी ते सगळे लिहिले आहे. मंडळाच्या वाचनालयासाठी ते पुस्तक घ्यावे अशी सूचना मी येथेच करून ठेवते. आनंदीबाई जोशी यांनी तर १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या सेरामपूर येथे इंग्रजीत भाषण करून आपण अमेरिकेस का जाणार ते लोकांना सांगितले. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते.

इंग्रजी आली म्हणून सही मात्र बदलू नका. बँकेत मराठीत सही चालते, आणि जी पूर्वीपासून नोंदलेली आहे तीच ठेवावी, नाहीतर पैसे काढताना घोटाळा होतो.

डायरीची हकीकत सांगणाऱ्या भगिनी आता डायरीतल्या ओळी स्वतः लावतात. सगळे शब्द येत नाहीत, पण 'नॉट' आणि 'होमवर्क' हे दोन शेजारी दिसले की त्यांना पुरते. मुलीने म्हणे परवा डायरी दप्तरात खोल लपवली होती.

येत्या मंगळवारी दुपारी तीनला वर्ग आहे. ज्यांना यायचे त्यांनी घरातली औषधाची रिकामी बाटली किंवा मुलाची जुनी डायरी, जे हाती लागेल ते घेऊन यावे. वही-पेन्सिल मंडळात आहे.