छायाचित्रातून कापलेली माणसे

(शहादे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाला ‘चळवळ आणि कलावंत’ असे भारदस्त नाव दिलेले आहे. मी स्वतःला कलावंत म्हणवून घेत नाही. गेली पस्तीस-चाळीस वर्षे कोठेही नोकरी न करता मांडणीकाम आणि छायाचित्रण यांवर मी पोट भरीत आलो आहे. लग्नसराईत लग्नांचे फोटो काढतो, व्यापाऱ्यांच्या दिनदर्शिका लावून देतो, नंदुरबारच्या मिरचीपुडीच्या पुड्यांवरील वेष्टनेही मी काढलेली आहेत. उरलेल्या वेळात चळवळीची भित्तिपत्रके, पुस्तिकांची मुखपृष्ठे आणि मोर्च्यांची छायाचित्रे. तेव्हा सिद्धान्त सांगण्याऐवजी मी आज माझी एक चूक सांगणार आहे. ती माझ्या एकट्याची नाही, आपणा सर्वांच्या पाहण्याच्या सवयीतच ती आहे, असे माझे मत झालेले आहे.

नव्वदीच्या दशकाच्या आरंभीची गोष्ट. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. तेव्हा आपण धुळे जिल्ह्यातच होतो. अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावर मी एका बाईचे छायाचित्र घेतले. तिच्या कडेवर मूल होते. मागे पाच-सहा माणसे शेताच्या उतारावर दगडांचा बांध घालीत होती. डाव्या बाजूस कुडाचे घर होते, दोन शेळ्या होत्या. कुपोषणावरील भित्तिपत्रकासाठी चित्र हवे होते. मांडणी करताना मी माणसे कापली, बांध कापला, घर आणि शेळ्याही कापल्या. राहिली ती बाई, तिचे मूल आणि मागे काळा रंग. मुंबई-पुण्याकडे त्या भित्तिपत्रकाची फार वाखाणणी झाली.

वर्षभराने मोठ्या हौसेने मी त्याची एक प्रत त्या बाईंना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी विचारले. बरोबरच्या कार्यकर्त्याने मराठीत सांगितले, “त्या म्हणतात, यात मी एकटीच कशी? माझी माणसे कुठे गेली?” मी हसलो आणि चित्र परिणामकारक होण्यासाठी असे करावे लागते, हे समजावून सांगू लागलो. त्या काही बोलल्या नाहीत. प्रश्नाचे मोल मला त्या दिवशी कळले नाही.

ते कळायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. २००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत आलेल्या आदिवासीचा हक्क या कायद्याने मान्य केला. पुरावा म्हणून काय चालेल हे नियमांत सांगितले आहे. त्यात सरकारी कागद तर आहेतच. पण घर, झोपडी, जमिनीची सपाटी, बांधबंधारे अशा प्रत्यक्ष खुणा आणि वडीलधाऱ्यांची लेखी निवेदनेही आहेत. दावे भरण्याचे काम चालू असताना एका कार्यकर्त्याने मला विचारले, “त्या पाड्याची तुमच्याकडची जुनी छायाचित्रे मिळतील का?” मी पेटी उघडली. निगेटिव्ह सापडली. तिच्यात तो बांध होता, घर होते, राबणारी माणसे होती. पण पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिले होते: ‘आदिवासी स्त्री, सातपुडा’. तारीख नाही, पाड्याचे नाव नाही, बाईंचे नाव नाही.

केवळ छायाचित्रावर कोणाचा दावा मंजूर होत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु तारीखवार नोंद असती, तर म्हाताऱ्यांच्या निवेदनाला त्याचा आधार झाला असता. जे मी निरुपयोगी म्हणून कापून टाकले, तोच त्या कुटुंबाच्या हक्काचा पुरावा होता. आणि जे मी राखले, ती केवळ आपली कणव होती.

मित्रहो, या कापाकापीला मोठी परंपरा आहे. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३६ साली, डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने कॅलिफोर्नियातील मजुरांच्या तळावर एका आईचे चित्र घेतले. जगातील सर्वाधिक छापल्या गेलेल्या छायाचित्रांत त्याची गणना होते. लँग सहृदय होत्या. त्यांच्या चित्रामुळे सरकारने तळावर अन्नधान्यही पाठवले. पण तोवर ते कुटुंब कामाच्या शोधात पुढे निघून गेले होते. लँग यांनी त्या बाईंचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. त्या मूळच्या चेरोकी, म्हणजे अमेरिकेतील आदिवासी, हेही तेव्हा समजले. या चित्रातून आपल्याला एक छदामही मिळाला नाही, अशी त्यांची तक्रार होती.

आपल्याकडे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांचा कॅमेरा आणि चित्तप्रसाद यांची लेखणी कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रासाठी गावोगाव हिंडली. चित्तप्रसाद यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेत रेखाटनांबरोबर गावांची नावे होती, माणसांच्या हकिगती होत्या. ब्रिटिश सरकारने तिच्या बहुतेक सर्व प्रती जप्त करून नष्ट केल्या. नुसत्या करुण चित्राची सरकारला भीती वाटत नाही. त्यावर सरकार स्वतःच निधी उभारील. नावगावासह केलेल्या नोंदीतून मात्र जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. त्या नोंदीचे भय सत्तेला वाटते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येत जवळजवळ सत्तर टक्के आदिवासी आहेत. बाहेरचा छायाचित्रकार येथे प्रामुख्याने दोन वेळा येतो. एकदा अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीला. उंच बांबू, मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू, पहाटे पेटणारी होळी: चित्र विलोभनीय असते यात शंका नाही. दुसऱ्यांदा तो मिरचीच्या हंगामात येतो. पथारीवर वाळणाऱ्या मिरचीचा लाल गालिचा त्याला हवा असतो. त्या गालिच्यावर दिवसभर वाकणाऱ्या बायांचे हात आणि डोळे संध्याकाळी कसे जळतात, हे चित्रात येत नाही. काठीला नाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण होळीसाठी बारडोलीकडच्या ऊसतोडीहून परतलेले असतात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ते गुजरातेत गेलेले असतात, तेथे नवराबायको मिळून त्यांचा ‘एक कोयता’ मोजला जातो. त्या फडाचे चित्र काढायला कोणी जात नाही. एकाच माणसाचा सण आपण टिपतो आणि त्याचे श्रम कापून टाकतो.

शासनही छायाचित्र घेते. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधारपत्र याच शहादे तालुक्यातील टेंभली गावी, पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या उपस्थितीत देण्यात आले. देशभरच्या वृत्तपत्रांत टेंभलीची चित्रे झळकली. माणसाला ओळखपत्र मिळू नये, असे आपण म्हणत नाही. पण त्या पत्रावर असतो तो एकट्याचा चेहरा. जमीन नाही, सोबती नाहीत. शासनाला माणूस असाच सुटा पाहण्याची सवय असते. लाभार्थी नेहमी सुटाच असतो. आपले भित्तिपत्रकही त्याला तसेच सुटे करीत असेल, तर शासनाच्या आणि आपल्या दृष्टीत फरक तो कोणता?

नर्मदेच्या खोऱ्यातील अनुभव या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखा आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्राची तेहेतीस गावे बाधित झाली. जलाशयाला सर्वांत आधी सामोरे जावे लागलेले मणिबेली हे त्यांपैकीच. वर्षानुवर्षे कसलेल्या जमिनीचा कागद हाती नाही म्हणून तेथे कितीतरी शेतकरी सरकारदप्तरी अतिक्रमणदार ठरले. अशा ठिकाणी पाण्याखाली गेलेल्या शेताचे, घराचे, झाडाचे चित्र हे केवळ चित्र राहत नाही. येथे माणूस नांदत होता, याची ती साक्ष होते. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘ए नर्मदा डायरी’ हा चित्रपट १९९५ चा. त्याने चित्रित केलेली भूमी आज बुडालेली आहे.

याच भूमीतून, श्रमिक संघटनेच्या लढ्यातून आलेले कवी वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ नावाच्या कवितेत आपणा कार्यकर्त्यांना आरसा दाखवला. आदिवासींचे दुःख मंचावरून दुसरेच सांगतात आणि ते भोगणारा खाली बसून ऐकतो, हे त्या कवितेचे शल्य आहे. कॅमेरा हाही एक मंचच आहे. त्याच्या मागे कोण उभा आहे आणि चित्र शेवटी कोणाच्या हाती जाते, हे दोन्ही प्रश्न मी तरुणपणी स्वतःला विचारले नव्हते.

म्हणून काही व्यावहारिक सूचना आपल्यापुढे ठेवतो. पहिली, माणसाला त्याच्या कामापासून आणि सोबत्यांपासून कातरून काढू नये. मांडणीसाठी जागा कमी पडली, तर अक्षरे लहान करावीत. दुसरी, प्रत्येक छायाचित्राबरोबर गाव, पाडा, तारीख आणि संमतीने नाव लिहावे. ज्याच्यावर खटले आहेत किंवा ज्याला सावकाराचे, मुकादमाचे भय आहे, त्याचे नाव छापू नये; पण आपल्या वहीत नोंद असावी. आज प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. एका मोर्च्याची शेकडो चित्रे निघतात आणि महिन्याभरात ती कोठे गेली हे कोणी सांगू शकत नाही. तिसरी, एक प्रत गावाला परत गेलीच पाहिजे, आणि ग्रामसभेच्या कागदांबरोबर तिचा संच राहिला पाहिजे. चौथी, पाड्यावरच्या मुलामुलींना हे काम शिकवावे. ऊसतोडीच्या फडाचे चित्र फडातला मुलगाच काढील. आपल्याला तेथे मुकादम उभेही करणार नाही.

पाचवी सूचना सांगताना थोडा संकोच होतो, पण सांगतो. संघटना छापखान्याचे बिल देते, मंडपवाल्याचे देते, ध्वनिक्षेपकाचे देते. मांडणी करणाऱ्याला मात्र मोर्च्याच्या आदल्या रात्री निरोप येतो: “तुम्ही आपलेच आहात, सकाळपर्यंत करून द्या.” मी आपला आहे हे खरेच, त्याचा मला अभिमान आहे. पण श्रमाचे मोल मागणाऱ्या चळवळीने एका प्रकारचे श्रम फुकट धरावेत, हे तर्काला धरून नाही. माझे वय झाले, माझे निभावले. पण आज या वाटेने येऊ पाहणारी तरुण पिढी, विशेषतः गरीब घरची मुले, फुकट कामावर टिकणार नाहीत. मग हे काम फक्त खातेपिते लोक करतील, आणि तेच पुन्हा आपल्या कणवेची चित्रे काढतील. पैसे थोडे द्या, पण द्या. आणि आदल्या रात्री बोलावण्याऐवजी पहिल्या बैठकीलाच बोलवा, म्हणजे बांध कोणता आणि तो का कापायचा नाही, हे त्याला वेळेवर कळेल.

त्या निगेटिव्हची पूर्ण प्रत मी पुढे छापून घेतली आणि पाड्यावर नेली. बाई थकलेल्या होत्या. त्यांनी एकेका माणसावर बोट ठेवून नावे सांगितली. दोघे आता हयात नव्हते. मी ती सारी नावे मागच्या बाजूस लिहून घेतली. दाव्याच्या कामी त्याचा उपयोग व्हायचा तो काळ टळून गेला होता. प्रत त्यांनी घरात लावली. भित्तिपत्रकाची ती वाखाणलेली प्रत मात्र तेथे कोठेही नव्हती.