वादळातला ताड आणि आपला धुरा



कपाशी-ज्वारीच्या मुलखात ताडाचे काय काम, असे तुम्ही विचाराल. आमच्यातले काही जण शेतकी कॉलेजात शिकले, पण तिथे ताडावर एक तास झाल्याचे आठवत नाही. ज्या झाडाला ना खताची गोणी लागते ना औषधाचा डबा, त्याच्यावर तास घेणार कोण?

डहाणू-तलासरीकडे कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या कामामुळे तिचे नाव झाले. १९७६ पासून तिथे कृषी विज्ञान केंद्रही आहे. या भागात चिकूच्या वाड्या आणि बांधाबांधावर ताड. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेले, तेव्हा चिकूचे फळ मातीत गेले, झाडे उन्मळली. आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, 'निसर्ग'ने रायगडात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या होत्या. ताड मात्र सहसा हटत नाही.

यात दैवी काही नाही. चिकूचे कलम रायणीच्या खुंटावर, वर दाट घेर; वारा त्यात शिडात भरावा तसा भरतो. ताडाला फांदीच नाही. पान फाटते, दुमडते आणि वाऱ्याला वाट देते. खोड बाहेरून पोलादासारखे, आतून मऊ, म्हणून वाकते पण मोडत नाही. बुडातून दोरखंडासारखी असंख्य मुळे सर्व बाजूंनी खोल जातात. शेंडा एकच असतो, तो मेला की झाड मेले.

आपल्याकडे नाल्याकाठी शिंदी आहे; ताड तिचाच थोरला भाऊ समजा. लावायचा तर रोपाच्या भानगडीत पडू नका. पिकलेले फळ पावसाळ्याच्या शेवटाला पडते. त्यातली बी ठरल्या जागीच, भुसभुशीत केलेल्या खड्ड्यात ठेवा. ती आधी लांब नळी खाली सोडते, पान महिन्यांनी वर येते. काहीच उगवले नाही म्हणून तिथे कुदळ घालू नका. उपटून दुसरीकडे लावलेले रोप बहुधा मरते. धुऱ्यावर दोन झाडांत दहा फूट पुरे. सावली थोडी, त्यामुळे खालची ज्वारी फारशी मार खात नाही. पहिली वर्षे शेळ्या आणि वणवा सांभाळावा.

आता कडू गोष्ट. फुलायला बारा ते वीस वर्षे. नर की मादी, ते फुलल्यावरच कळते, ताडगोळे मादीलाच. बांगलादेशात विजेने माणसे मरतात म्हणून २०१७ पासून दहा लाख ताड लावायचे ठरले, पण झाड उंच व्हायला दशके लागतात, निगा राहिली नाही, आणि पुढे योजना सोडून द्यावी लागली. म्हणून वीज पडेल तर ताड झेलेल, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि पावसात त्याच्याखाली तर मुळीच उभे राहू नका. कर्जाच्या हप्त्याला ताड उपयोगाचा नाही. नातवाच्या घराला वासा, छपराला पाने आणि एखाद्या वर्षी कपाशी गेली तर हाताशी थोडा रस, एवढेच त्याचे देणे.

त्या रसाचीच खरी अडचण आहे. जून २०२१ मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने डहाणूत नीरा आणि ताडगुळाचे काम सुरू केले, दोनशे कारागिरांना सुमारे पंधरा हजारांची हत्यारे दिली. काम चांगले आहे. पण सूर्य उगवण्याआधी उतरवली ती नीरा, ऊन चढल्यावर तीच आंबून ताडी. आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ताडी काढायला परवाना लागतो. झाड आपले, धुरा आपला, चढताना हाडे मोडली तर तीही आपली. फक्त रसाला विचारायचे सरकारला. कपाशीच्या भावाला सरकार आडवे आले तेव्हा आपण रस्त्यावर बसलो. ताडाचे मालक मात्र विखुरलेले, बहुतेक आदिवासी, त्यांच्यासाठी कोण बसणार, हे या बैठकीत बोलले पाहिजे.

पुढच्या बैठकीला बिया आणायचे ठरले आहे. ज्यांना हव्या त्यांनी आज नाव आणि धुऱ्याची लांबी लिहून द्यावी.