ताश्कंद : युद्धानंतरचे सात दिवस



युद्ध सुरू करण्यास एक आज्ञा पुरेशी असते. ते मिटविण्यास मात्र उभयपक्षांची संमती लागते. ही संमती कशी घडते आणि तिची किंमत कोणास द्यावी लागते, हे समजून घेण्यासाठी जानेवारी १९६६ मधील ताश्कंद परिषदेचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे.

१९६५ च्या ऑगस्टमध्ये काश्मिरात सशस्त्र घुसखोर शिरले आणि पाहता पाहता भारत व पाकिस्तान यांच्यात उघड युद्ध जुंपले. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस ऊ थांट यांनी सप्टेंबरमध्ये दोन्ही देशांस भेट देऊन शांततेचे आवाहन केले. २० सप्टेंबर रोजी सुरक्षा समितीने २११ क्रमांकाचा ठराव केला. युद्धबंदी करावी आणि त्यानंतर दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परत जावे, अशी त्यात मागणी होती. २३ सप्टेंबरला तोफा थांबल्या. परंतु सैन्ये समोरासमोर उभीच होती. युद्धबंदी झाली, शांतता झाली नव्हती.

अशा वेळी सोव्हिएत संघाचे पंतप्रधान अलेक्सी कोसिजिन यांनी मध्यस्थीची तयारी दर्शविली. आज उझबेकिस्तानची राजधानी असलेले ताश्कंद त्या वेळी सोव्हिएत संघात होते. तेथे ४ जानेवारी १९६६ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि राष्ट्राध्यक्ष अयूबखान यांची परिषद सुरू झाली. शास्त्रीजींसमवेत परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्णसिंग आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीस गेलेले यशवंतराव युद्धाइतकेच तहाच्या वेळीही जबाबदारीच्या जागी होते.

दोन्ही बाजूंचे आग्रह भिन्न होते. काश्मीरचा प्रश्न आधी सोडवावा, असे पाकिस्तानचे म्हणणे होते. बळाचा वापर न करण्याची ग्वाही मिळावी, असे भारताचे म्हणणे होते. बोलणी वारंवार अडली. कोसिजिन एका शिष्टमंडळाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. अखेर १० जानेवारीस जाहीरनाम्यावर सह्या झाल्या.

या जाहीरनाम्यात तीन गोष्टी प्रमुख होत्या. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेनुसार तंटे शांततेच्या मार्गानेच सोडविण्याचे बंधन उभय देशांनी मान्य केले. २५ फेब्रुवारी १९६६ पर्यंत सैन्ये ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी नेण्याचे ठरले. तसेच उच्चायुक्तांनी पुन्हा आपापल्या पदांवर रुजू व्हावे आणि युद्धकैद्यांची परतपाठवणी व्हावी, असे निश्चित झाले. काश्मीरबाबत मात्र प्रत्येकाने आपली भूमिका मांडली, एवढीच नोंद झाली.

सैन्यमाघारीचे हे कलम भारताच्या दृष्टीने सोपे नव्हते. उरी आणि पूंछ यांच्या दरम्यानच्या मार्गावरील हाजीपीर खिंड आपल्या जवानांनी २८ ऑगस्ट १९६५ रोजी प्राण पणास लावून जिंकली होती. घुसखोरांची ती वाट होती. ती परत देणे अनेकांस रुचले नाही. केंद्रीय मंत्री महावीर त्यागी यांनी याच कारणास्तव राजीनामा दिला. पण जे कलम हाजीपीर सोडावयास लावत होते, तेच पाकिस्तानला खेमकरण आणि छांब सोडावयास लावत होते. आपले तेवढे ठेवावे आणि दुसऱ्याने मात्र परत करावे, असा तह पराभूतावर लादता येतो. समोरासमोर बसून करता येत नाही.

सही केल्यानंतर काही तासांतच, ११ जानेवारीच्या उत्तररात्री, शास्त्रीजींचे ताश्कंद येथेच निधन झाले. आदल्या दिवशी वाटाघाटीत समोर बसलेल्या अयूबखान यांनी कोसिजिन यांच्यासह त्यांच्या शवपेटिकेस खांदा दिला. ठरलेल्या मुदतीत सैन्ये माघारी गेली.

मग ताश्कंद यशस्वी झाले काय? १९७१ मध्ये पुन्हा युद्ध झाले, हे नाकारता येत नाही. तंट्याचे मूळ कारण शिल्लक राहिले होते आणि सह्यांनी मने बदलत नाहीत. तथापि १९७२ मध्ये सिमला येथे दोन्ही देश पुन्हा वाटाघाटीस बसले, तेव्हा मध्यस्थ नव्हता. मतभेद परस्पर वाटाघाटींनी मिटविण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला.

बांधाचा तंटा गावात मिटविणाऱ्या पंचांस हे नवे नाही. पंच निघून गेल्यावर शेजाऱ्यांनाच एकमेकांशेजारी नांदावयाचे असते. शिखर परिषद काय करू शकते? ती वैर नाहीसे करीत नाही. शस्त्र खाली ठेवून बोलण्यास अवसर देते. त्या अवसराचा उपयोग करणे, हे त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचे काम असते. शाळेत ताश्कंदचा धडा शिकविताना सह्यांच्या तारखेबरोबरच हेही मुलांस सांगितले जावे.