वाद्य बदलून घेताना



बैलबाजारात जाणता शेतकरी नुसत्या शिंगांच्या रंगाला भुलत नाही. तो बैलाचे दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावलं चालवून पाहतो. आज मी सांगणार आहे ते एका परदेशी वाद्याच्या अदलाबदलीविषयी. पण पारख तीच आहे, बरं का!

फ्रान्स-बेल्जियमच्या मुलखात जिप्सी लोकांची एक शाखा आहे. ते स्वतःला ‘मानूश’ म्हणवतात. मानूश म्हणजे आपला ‘माणूस’च! शतकांपूर्वी हिंदुस्थानातून बाहेर पडलेल्या या लोकांनी हा शब्द जिभेवर जपून ठेवला. त्यांच्यातच १९१० साली जँगो राइनहार्ट जन्मला. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं आखडून गेली. उरलेल्या दोन बोटांच्या बळावर त्यानं अशी काही गिटार वाजवली, की १९३४ साली पॅरिसमध्ये उभ्या राहिलेल्या त्याच्या ताफ्यापासून एक नवी शैलीच रूढ झाली. तीच जिप्सी जाझ.

या वादकांची आवडती गिटार सेल्मर कंपनीची. १९३२ साली इटालियन कारागीर मारिओ माकाफेरी याच्या आराखड्यावरून ती बनू लागली. सुरुवातीच्या गिटारीचं तोंड इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखं, मोठं. लवकरच माकाफेरी कंपनीतून बाहेर पडला. पुढे तोंड लहान, लंबगोल झालं, आणि तारेची मोकळी लांबी सुमारे ६४० मिलिमीटरवरून ६७० वर गेली.

तीन सेंटिमीटरनं असा काय फरक पडतो, असं तुम्ही म्हणाल. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. तार तीच ठेवून लांबी वाढवली आणि स्वर मात्र तोच हवा असला, तर तार अधिक ताणावी लागते. म्हणून लांब तारेचा आवाज टोकदार निघतो, गर्दीतूनही दूर जातो. पण पडदे जरा लांब लांब पडतात, तार बोटाला कडक लागते. मोठ्या तोंडाच्या गिटारीचा आवाज रुंद, भरदार. मागून लय धरणाऱ्याला ती सोयीची. पुढे बसून मुख्य सूर वाजवणारा सहसा लंबगोल तोंडाची मागतो.

आता सांगा, यांतली चांगली कोणती? ज्याला जे काम, त्याला ती चांगली! म्हणून दोन वादक आपापली गिटार बदलून घेतात, तेव्हा दोघांचाही फायदा होऊ शकतो. मात्र पाहायचं ते नीट पाहावं. मान वाकली आहे का? पुढची पाटी घोडीखाली बसली आहे का? आतल्या आडव्या पट्ट्या सुटून खरखरतात का? माकाफेरीच्या गिटारीत आत आणखी एक लाकडी पेटी असे. पुष्कळांनी ती पुढे काढून टाकली. तिची चौकशी करावी. आणि वाजवणं दुसऱ्याच्या हाती देऊन आपण वीस पावलं दूर उभं राहून ऐकावं. मांडीवरच्या वाद्याचा आवाज वादकाला एक ऐकू येतो, श्रोत्याला दुसराच.

सेल्मरनं १९५२ पर्यंत अवघ्या हजारेक गिटारी बनवल्या. त्यामुळे नावाला भाव फार आला आणि नकलाही झाल्या. पण पॅरिसच्याच जाक फाविनोसारख्या कारागिरांनी त्याच धर्तीवर, थोड्या मोठ्या अंगाची, आपल्या गुणांची वाद्यं घडवली. नाव पाहून त्यांना कमी लेखू नये. आणि नाव पाहून सेल्मर डोळे झाकून घेऊही नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाद्यावर ज्याचं पोट आहे, त्याला खोटं वाद्य देणं म्हणजे त्याचं नांगराचं जोत मोडणं. चिरलेली पाटी, बदललेली मान, जे असेल ते आधी सांगावं, आणि दोन वाद्यांच्या किमतीत अंतर असेल तर वरचे पैसे मोजून द्यावेत. सौदा असा व्हावा, की पुढच्या जत्रेत समोरासमोर आलो तर दोघांनाही मान खाली घालावी लागू नये.